आईचं माहेरचं आडनाव

वेबसाइटला कुलूप लावायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, आणि त्या एका कामाने मला जेवढा वैताग दिला तेवढा पुढे सासरनेसुद्धा दिला नाही. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी कराडात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडून चार वर्षं झाली होती, लग्न झालेलं नव्हतं आणि नाकावर राग तेव्हाही होता. अशा बाईला वधूवर मंडळाची वेबसाइट करायला सांगणं हाच मुळात एक विनोद होता. पण कराडात तेव्हा हे काम येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता आली असती, आणि त्यांतली बाकीची पुण्याला निघून गेली होती.

मंडळ आमच्याच समाजाचं. कचेरी बसस्टँडच्या मागे, पिठाच्या गिरणीच्या माडीवर. गिरणी सुरू झाली की माडीची फरशी थरथरायची आणि जिन्यातून पीठ वर यायचं. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला तरी कीबोर्डच्या फटींत ज्वारीचं पीठ बसायचं ते बसायचंच. मंडळाचे सचिव सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार होते. ताठ कण्याचे, मिशीचे, शब्दाला पक्के आणि माझ्या मते अत्यंत हट्टी. समाजातली पोरं नोकरीला लांब गेली, मेळाव्याला कुणी येत नाही, म्हणून त्यांना इंटरनेट पाहिजे होतं. मला ते 'मॅडम' म्हणायचे, आणि दर भेटीत, मॅडम आधी स्वतःचा फॉर्म भरा मग बाकीच्यांचे चढवा, असं सांगायचे. पहिल्या वेळी मी हसले. नंतर नंतर मला त्या वाक्याचा इतका राग यायला लागला, की ते तोंड उघडायच्या आत मी गिरणीच्या आवाजावर घसरायची.

पहिली साइट मी सगळ्यांना उघडी ठेवली होती. फॉर्म नंबर, फोटो, शिक्षण, पत्ता, सगळं. पंधरा दिवसांत एका मुलीचे वडील तावातावाने जिना चढून आले. कुणी अनोळखी माणूस त्यांच्या घरी सारखा फोन करत होता. त्यांचं बरोबरच होतं. मी पत्ते आणि फोटो काढून टाकले आणि सुभेदारांना सांगितलं की आता साइटला लॉगिन लागेल, म्हणजे नाव आणि पासवर्ड टाकल्याशिवाय कुणाला आत जाता येणार नाही.

त्याच आठवड्यात ती आली. माझ्याच वयाची, शिक्षिका, सोबत सहा वर्षांची लेक. मुलगी शहाणी होती. आम्ही बोलत होतो तोवर ती मॉनिटरवरच्या पिठात बोटाने स्वतःचं नाव लिहीत बसली. बाईंचं सासर सांगलीजवळचं, घटस्फोट होऊन दोन वर्षं झालेली. नवरा मारझोड करणारा नव्हता. तो फक्त येऊन उभा राहायचा. शाळेच्या गेटवर, घराच्या कोपऱ्यावर, बाजारात. कागद काय म्हणतो ते मला सांगू नका, माझी माणसं माझीच आहेत, असं लोकांना सांगायचा. दोनदा त्याने लेकीला शाळेतून परस्पर न्यायचा प्रयत्न केला होता. शेवटी बाईंनी तिथली नोकरी सोडली आणि आटपाडी तालुक्यातल्या एका खासगी शाळेत कमी पगारावर रुजू झाल्या. पावण्यारावळ्यांना पुण्याला गेल्याचं सांगितलं होतं. लेक तिथे आता कुठे रुळली होती, मैत्रिणी करायला लागली होती. दुसरं लग्न करायची त्यांची इच्छा होती, पण अर्ध्या सांगली जिल्ह्याच्या हातात पडणाऱ्या फॉर्मवर पत्ता लिहायचा कसा, हा प्रश्न होता.

"मॅडम, फोटो दिसला तर दिसू दे," त्या म्हणाल्या. "शाळेचं नाव दिसता कामा नये."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाहेरच्या यादीत नाव आणि फोटोही नसेल, नुसतं शिक्षण, वय, उंची असं स्थळाच्या कागदावरचं नेहमीचं, एवढंच. पूर्ण पत्ता फक्त तुमच्या स्वतःच्या पानावर. पासवर्ड टाकून तुम्ही आत जाल, एखादं स्थळ पसंत पडलं तर त्याच्या नंबरपुढे खूण कराल, मग तेवढ्या एकाच माणसाला पत्ता दिसेल. मला हे सांगताना फार बरं वाटत होतं. इतके दिवस मी पोरांना टायपिंग आणि बेरजेचे तक्ते शिकवत होते. कुणाच्या उपयोगी पडेल असं काहीतरी पहिल्यांदाच करत होते. त्यांनी फॉर्म भरला.

पुढचे तीन महिने मी डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

पासवर्ड म्हणजे काय हे सुभेदारांना सांगावं लागलं नाही, आणि तिथेच घोळ झाला. त्यांना ते आधीच माहीत होतं. सैन्यात संत्री विचारतो कोण आहे, आपण पासवर्ड सांगतो, तो आत सोडतो. अख्ख्या पलटणीचा पासवर्ड एकच. त्यामुळे त्यांनी मला न विचारता सगळ्या सभासदांसाठी एक पासवर्ड ठरवला, मंडळाच्या मासिक पत्रकात पहिल्या पानावर चौकटीत छापला आणि पत्रक सातारा-सांगलीच्या सगळ्या तालुक्यांना रवाना केलं. एक प्रत कचेरीच्या भिंतीला चिकटवली. मी ती बघितली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग फुटले ते बरेच फुटले. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की दर महिन्याला पासवर्ड बदलणार आहे, काळजी करू नका. पुढच्या पत्रकात नवा छापणारच होते.

मी प्रत्येकाला स्वतंत्र पासवर्ड द्यायचं ठरवलं. आपला आपण निवडा, लक्षात ठेवा, कुणाला सांगू नका, असं पत्रक काढलं. लोकांनी निवडला. जवळजवळ सगळ्यांनी आपापलं कुलदैवत टाकलं. म्हणजे कराड-पाटणकडचा माणूस असेल तर पासवर्ड न विचारताच सांगता येईल. बरं, कुणाला सांगू नका हे तर कुणी मनावरच घेतलं नाही. पोरीचा फॉर्म बाप भरायचा, पासवर्ड चुलता ठरवायचा, आणि बघायला मामा यायचा. एका काकांनी मला विचारलं की घरच्या माणसापासून चोरून ठेवायचं असं त्यात आहे तरी काय. मी म्हटलं काही नाही. दुसरं काय म्हणणार?

एकदा कपाटात कागद शोधताना मला लाल कापडी बांधणीचं नवं कोरं रजिस्टर सापडलं. वर सुभेदारांच्या वळणदार अक्षरात 'पासवर्ड रजिस्टर' असं लिहिलेलं. आत फॉर्म नंबरप्रमाणे प्रत्येकाचा पासवर्ड, पुढे सभासदाची सही. कपाटाला कुलूप नाही. लोक विसरतात, मग त्यांनी कुणाकडे जायचं, असा त्यांचा सवाल होता. मी ते रजिस्टर काखेत मारलं, घरी नेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातलं. पुठ्ठा जाड होता, पेटायला वेळ लागला. सुभेदार माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत, मीही बोलले नाही.

पण लोक विसरत होते हे खरंच होतं. क्लासमधला फोन माझ्यासाठीच वाजायचा. विट्याहून, फलटणहून, जम्मूच्या छावणीतून. मॅडम, आमचा शब्द काय हो? मी एक एक करून नवे पासवर्ड घालायची, आणि त्यासाठी आधी मोडेमने जोडणी लागायला हवी. ती चौथ्या-पाचव्या वेळेला लागायची आणि कुणी शेजारच्या खोलीतला जोडफोन उचलला की तुटायची. शिकवायचं राहिलं बाजूला. क्लासच्या मालकांच्या कपाळावर आठी दिसायला लागली. आता यावर काहीतरी कायमचा उपाय करायचाच असं मी ठरवलं.

उपाय मला एका जाडजूड अमेरिकन पुस्तकात मिळाला. पासवर्ड विसरलेल्या माणसाला फक्त त्यालाच माहीत असलेला एक प्रश्न विचारायचा. उत्तर बरोबर आलं की नवा पासवर्ड तिथल्या तिथे घालू द्यायचा. प्रश्नही पुस्तकात तयार होता: तुमच्या आईचं माहेरचं आडनाव काय? मी तो जसाच्या तसा उचलला. पर्ल नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चाळीसेक ओळी लिहिल्या, अमेरिकेतल्या भाड्याच्या सर्व्हरवर चढवल्या, तीन वेळा तपासून बघितल्या. चालल्या. लॉगिनच्या पानावर 'पासवर्ड विसरलात?' अशी ओळ आली. फोन बंद झाले. इतकं हलकं वाटलं मला! सुभेदारांशी बोलणंही पुन्हा सुरू झालं. सांगलीच्या आणि साताऱ्याच्या शाखेत एकेक कॉम्प्युटर बसला. लोक स्वतःचं स्वतः बघायला लागले, आणि मी क्लासमध्ये परत टायपिंगकडे वळले.

आटपाडीच्या बाई महिन्यातून एका रविवारी एसटीने यायच्या, लेकीला घेऊन. कॉम्प्युटरसमोर बसून आपलं पान उघडायच्या, आलेली स्थळं वाचायच्या. तिसऱ्या की चौथ्या खेपेला त्यांनी मला एक स्थळ दाखवलं. साताऱ्याकडचा, बायको वारलेली, मंडळामार्फत आलेल्या पत्रात त्याने मुलगी कितवीत आहे असं विचारलं होतं. आतापर्यंत सगळ्यांनी पगार विचारला, ह्यांनी लेकीची इयत्ता विचारली, असं त्या म्हणाल्या. पण खूण मात्र केली नाही. पुढच्या महिन्यात करते म्हणाल्या.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी सकाळी क्लासमध्ये फोन आला. एसटीडी बूथचा होता, मागे गाड्यांचा आवाज. त्यांचा आवाज आधी मला ओळखूच आला नाही.

"ते आलेत," त्या म्हणाल्या. "शाळेच्या गेटवर उभे आहेत. मॅडम, तुम्ही कुणाला सांगितलं?"

मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी तसं म्हटलं, पण फोन ठेवला गेला होता. मी चालू तास टाकला आणि तशीच मंडळात गेले. अख्ख्या वाटेत माझ्या डोळ्यांसमोर ते लाल रजिस्टर होतं. म्हाताऱ्याने दुसरं केलं असणार, कपाटात ठेवलं असणार, सांगलीचा कुणी पाहुणा चहाला आला असणार आणि याने उघडून दाखवलं असणार. कचेरीत दोन घरची माणसं स्थळाचं बोलायला बसली होती. मी त्यांच्यासमोर सुभेदारांना वाटेल ते बोलले. तुमच्या रजिस्टरांनी एका बाईचं वाटोळं केलं, असं म्हणाले. तुम्हाला पलटण आणि संसार यातला फरक कळत नाही, असंही म्हणाले. गिरणी बंद होती, त्यामुळे सगळं खालपर्यंत ऐकू गेलं.

सुभेदार उठून उभे राहिले. सावकाश म्हणाले, "मॅडम, ती पोर हितं कुठल्या गावास्नं येती, ते मलाबी म्हाईत न्हाई. म्या तिला कवा इचारलंच न्हाई."

आणि कपाट उघडून दाखवलं. आत पावती पुस्तकं होती आणि मेळाव्याचे जुने बॅनर.

मी खुर्चीत बसले आणि मोडेम लावला. सर्व्हर कोण कधी आत आलं याची नोंद ठेवतो. ती नोंद मी आजवर एकदाही वाचलेली नव्हती. आधीच्या शुक्रवारी दुपारी सांगली शाखेच्या कॉम्प्युटरवरून कुणीतरी बाईंच्या फॉर्म नंबरने लॉगिनच्या पानावर आलं होतं. 'पासवर्ड विसरलात?' वर गेलं होतं. उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर आलं होतं. नवा पासवर्ड घातला गेला, पान उघडलं गेलं, दोन मिनिटांत सगळं बंद. त्याच्या थोडं आधी त्याच कॉम्प्युटरवरून एक सभासद स्वतःच्या नंबराने आत आला होता. मी त्याचा फॉर्म उघडला. सांगलीजवळचं गाव, वय, उंची. विवाह: दुसरा. अपत्य: नाही.

'नाही' लिहिणाऱ्या या माणसाची लेक माझ्या मॉनिटरवरच्या पिठात नाव लिहून गेली होती. त्याने स्वतःसाठी स्थळं बघता बघता यादीत तिचं शिक्षण आणि वय वाचलं असणार आणि त्याच ओळीत पुढे तिचं मामकूळ. आमच्याकडे त्याशिवाय स्थळाचा कागद पुरा होत नाही. सोयरीक जमते का, कुठे आडवी येते का, हे सगळं मामाच्या आडनावावर ठरतं. चहा यायच्या आधी विचारतात. पत्रकात छापतात. माझ्या यादीत त्याचा वेगळा रकाना होता, आणि तो रकाना मी स्वतः भरला होता, चारशे सभासदांचा, एकेक करून, पीठ झटकत. मामकूळ म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. जो प्रश्न मी लॉगिनच्या पानावर विचारत होते त्याचं उत्तर मी एक पान अलीकडे छापून ठेवलं होतं. आणि छापलं नसतं तरी काय बिघडलं असतं! तो तिचा नवरा होता. त्याला ते आडनाव लग्नाआधीपासून पाठ होतं.

अमेरिकेत कुणी कुणाला विचारत नसेल. मी कराडात वाढलेली बाई, मला घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने आईचं माहेर विचारलेलं. इतके महिने मी सगळ्यांना अडाणी समजत होते. सुभेदारांवर, कुलदैवतांवर, चुलत्यांवर, मामांवर चिडत होते. त्यांच्यापैकी कुणीही त्या बाईंचा पत्ता फोडला नव्हता. तो मी फोडला होता.

सुभेदारांना मी काय झालं ते सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला नाही. मी माफी मागायला लागले तर त्यांनी हाताने थांबवलं, ते असू दे, आधी ती पोर कशी आहे ते बघून या म्हणाले. त्या माणसाचं सभासदत्व त्यांनी माझ्यासमोर रद्द केलं आणि मी साइट बंद केली. आटपाडीच्या शाळेत फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मी विट्याला गेले, तिथून आटपाडी, तिथून वडापच्या जीपने शाळेचं गाव.

शाळा चार खोल्यांची. गेटवर कुणी नव्हतं. व्हरांड्यात शाळेच्या शिपाई मावशी तांदळातले खडे निवडत बसल्या होत्या. मी बाईंचं नाव सांगितलं. त्यांनी वर न बघता सांगितलं की त्या बाई आता इथे नाहीत. काल दुपारीच लेकीला घेऊन गेल्या. कुठे गेल्या ते माहीत नाही. हेडमास्तर तालुक्याला गेलेत.

मी म्हटलं, मी त्यांच्या ओळखीची आहे, कराडची. मावशींनी नुसतं हं केलं. त्यांना खात्री पटावी म्हणून मी सांगायला लागले. बाईंचं पूर्ण नाव, लेकीचं नाव, ती पहिलीत आहे, तिला पिठात नाव लिहायला आवडतं. बाईंचं शिक्षण सांगितलं, जन्मगाव सांगितलं, सासर कुठलं आणि माहेर कुठलं ते सांगितलं. मी शिकवताना बोलते तशी घाईघाईने एकामागून एक बोलत होते. शेवटी त्यांचं मामकूळसुद्धा सांगितलं.

मावशींनी सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"एवढं समदं तर त्येलाबी म्हाईत हुतं," त्या म्हणाल्या.

मी तिथेच पायरीवर बसले. मला रडू आलं, आणि त्याची लाज वाटली नाही. मावशींनी आतून तांब्याभर पाणी आणून दिलं. विट्याची गाडी फाट्यावर चारला येते म्हणाल्या. मी पर्समधून वहीचा कागद काढला आणि त्यावर सगळं लिहिलं. पत्ता त्याला कसा मिळाला, चूक कुणाची होती, ती कशी झाली. मंडळात कुणीही तुमचं नाव बाहेर काढलं नाही. साइट बंद केली आहे. आणखी काय लिहावं ते कळेना, म्हणून खाली माझं नाव लिहिलं आणि कागदाची घडी करून मावशींसमोर धरली.

त्यांनी तो लगेच घेतला नाही. हात पदराला पुसले. मग घडी घेतली, अजून एकदा दुमडली, कमरेची चंची सोडली, तिच्यातल्या आतल्या खणात ती नीट खाली सरकवली आणि चंचीची दोरी दोनदा गुंडाळली.

"मला त्या कुठं हायत ते ठावं न्हाई बरं का, बाई," त्या म्हणाल्या, आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.